कुटुंब परवान्यातली रिकामी जागा

त्या दिवशी सकाळी आमच्या चित्रकाराच्या संगणकावर एक हसरं अस्वल आलं आणि म्हणालं, 'तुझा आजचा वेळ संपला! आता डोळ्यांना विश्रांती दे आणि बाहेर खेळायला जा.'

आमचा चित्रकार पन्नाशीचा आहे. त्याला भरघोस मिशा आहेत, गुडघेदुखी आहे, आणि बाहेर खेळायला जावंसं त्याला शेवटचं कधी वाटलं होतं हे त्यालाही आठवत नसेल. तो त्या अस्वलाकडे बघत राहिला. मग अगदी हळू आवाजात मला म्हणाला, "जरा इकडे ये गं. हे काय म्हणतंय बघ."

मी बघितलं. अस्वल हात हलवत होतं. त्याच्या पोटाआड कुठेतरी वॉशिंग मशीनची सगळी चित्रं अडकली होती, आणि ती संध्याकाळपर्यंत छापखान्यात जायची होती. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

आमचं ऑफिस म्हणजे माझ्या मामाचं ऑफिस. पंखा, इस्त्री, पाण्याचा पंप असं काही विकत घेतलं की खोक्यात घडी घातलेलं एक पत्रक निघतं ना? जे आपण उलगडतही नाही, खोक्यासकट माळ्यावर टाकून देतो... ते आम्ही तयार करतो. चित्रकार बाण काढतो आणि 'असे करू नका'वर फुल्या मारतो. शुद्धलेखनवाले काका वेलांट्या बघतात. अर्थाकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. हिशेबनीस बाई हिशेब बघतात आणि उरलेल्या वेळात आम्हा सगळ्यांकडे बघतात. मजकूर मी लिहिते. आणि हे पत्रक जगात कुणीही वाचत नाही याची पक्की खात्री असल्यामुळे, प्रत्येक पत्रकात एक वाक्य मी माझ्या मनाचं घालते. एवढीच माझी चैन.

पत्रकाच्या तळाशी मामा आमचा पत्ता छापून घेतो – 'पत्रकाबद्दल तक्रार असल्यास येथे भेटा'. आजवर एकही माणूस भेटायला आलेला नाही. मामा म्हणतो, याला दर्जा म्हणतात.

"मामा!" मी ओरडले. "चित्रकाराला अस्वल का दिसतंय?"

मामा आपल्या खोलीतून बाहेर आला, त्याने अस्वल बघितलं, आणि त्याचा चेहरा असा झाला की मला लगेच कळलं, हे याचंच काम.

"त्याचं काय आहे," मामा म्हणाला, "ते ऑफिसचं सॉफ्टवेअर घेताना दोन प्रकार होते. एक ऑफिससाठी, एक कुटुंबासाठी. कुटुंबवाला स्वस्त होता. आणि मी म्हटलं, आपलं ऑफिस म्हणजे कुटुंबच नाही का?"

"म्हणजे तू आम्हाला..."

"हिशेबनीस बाई माझी आत्या. काका माझे सासरे."

काकांनी चष्मा काढून मामाकडे बघितलं. ते मामापेक्षा जेमतेम चार-पाच वर्षांनी मोठे असतील.

"आणि चित्रकार?" मी विचारलं.

मामा भिंतीकडे बघू लागला. "मोठ्यांच्या जागा संपल्या होत्या गं. मी, मामी, तू, काका, बाई... एक लहान मुलाची जागा तेवढी उरली होती."

"म्हणून मुलगा?"

"वय वर्षं बारा."

"अरे, त्याच्या मिशा तरी बघायच्या!"

"मिशांचा रकाना नव्हता," मामा म्हणाला.

"अटी वाचल्या नाहीस?"

"आपण लिहिणारे," मामा छाती फुगवून म्हणाला. "वाचणारे वेगळे."

पालकाने पासवर्ड दिला की अस्वल जातं, असं अस्वलाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. पालक म्हणजे मामा. पासवर्ड मामा विसरला होता. मग मी माझ्या संगणकावर बसले आणि कंपनीच्या ऑनलाइन मदतीची खिडकी उघडली.

'आपली अडचण एका शब्दात सांगा,' खिडकी म्हणाली.

मी टाईप केलं, 'मामा'.

'क्षमा करा, समजले नाही.'

'मलाही नाही. माणूस हवा.'

बराच वेळ एक चक्र गरगरत राहिलं. मग अक्षरं उमटली. 'नमस्कार मॅडम. मी आपला मदतनीस. काय अडचण आहे?'

'आधी सांगा, तुम्ही माणूस आहात की यंत्र?'

'माणूस आहे. आज डबा घरी विसरलोय. यंत्र असतो तर विसरलो नसतो.'

एवढ्या गडबडीतही मला हसू आलं. मी अडचण सांगितली... म्हणजे, सोयीची तेवढी सांगितली.

'आपल्या मुलाचा वेळ वाढवून हवा आहे, बरोबर?'

'हो. लवकर.'

'अभ्यासासाठी का?'

'वॉशिंग मशीनची चित्रं काढण्यासाठी.'

'वा. वेगळा छंद आहे. मुलाशी एकदा बोलता येईल का? बऱ्याचदा मुलांनीच काहीतरी बदलून ठेवलेलं असतं.'

मी नको म्हणेपर्यंत फोन वाजला. स्पीकर चालू करून मी चित्रकाराकडे हताशपणे बघितलं. त्याने घसा साफ केला आणि विहिरीतून यावा तसा आवाज काढला, "हॅलो."

पलीकडे कळफलकाची टकटक थांबली.

"हा... बारा वर्षांचा आहे?" मदतनीसाने विचारलं.

"आवाज जरा लवकर फुटलाय," मी म्हणाले.

आणि मग तो हसला. कंपनीने शिकवलेलं हसू नव्हतं ते. आधी दाबून धरलेलं, नंतर हातातून निसटलेलं. काय सांगू, मी आयुष्यात अनेकांची हसणी ऐकली आहेत, पण ते हसू ऐकून मी खुर्चीत सरळ होऊन बसले. आणि मग त्याला सगळं खरं सांगून टाकलं. मामा, आत्या, सासरे, मिशा... काहीच लपवलं नाही.

"मॅडम," तो शेवटी म्हणाला, "एक सांगायचं राहिलं. हे संभाषण नोंदवलं जातंय."

"म्हणजे आता आम्हाला पकडणार?"

"पकडत नाही कुणी. पण कुटुंब परवाना एका घरात राहणाऱ्या माणसांसाठी असतो. त्यावर धंदा चालवता येत नाही. अटींमध्ये लिहिलंय तसं."

"कुठे लिहिलंय?"

"बरंच खाली."

"एवढं खाली कोण वाचतं?"

"मी," तो म्हणाला.

त्याने ते इतकं साधेपणाने सांगितलं की मला थट्टाच सुचेना. सगळ्या जगाने न वाचलेला मजकूर लिहिणारी मी, आणि कुणीही न वाचलेला मजकूर वाचणारा हा.

त्याने मार्ग काढला. ऑफिसचा परवाना पहिला महिनाभर फुकट वापरून बघता येतो. आम्हा सगळ्यांना एकेक करून त्यात हलवायचं, आणि कुटुंब परवाना खऱ्या कुटुंबासाठी, म्हणजे मामा, मामी आणि मी – आम्ही तिघं एकाच घरात राहतो – ठेवायचा. "पण सगळ्यात आधी," तो म्हणाला, "तुमच्या चित्रकाराला मोठं करावं लागेल." मग चित्रकार आपलं ओळखपत्र छातीशी धरून कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. अस्वलाने शेवटचा हात हलवला आणि ते गेलं. वॉशिंग मशीन संध्याकाळी वेळेवर छापखान्यात पोचलं. माझा जीव भांड्यात पडला.

"उरलेल्यांना उद्यापासून हलवू," मदतनीस म्हणाला. "तोवर तुमची तक्रार मी उघडी ठेवतो."

"ठेवा," मी म्हणाले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी उगीचच हसत होते. हिशेबनीस बाई माझ्याकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून तो माझ्या स्क्रीनवर येऊ लागला. म्हणजे, त्याचा बाण. मी परवानगी दिली की एक छोटा पांढरा बाण कोपऱ्यातून आत यायचा, जरासा थांबायचा... जणू चपला काढतोय... आणि मग कामाला लागायचा. चेहरा दिसत नव्हता, हात दिसत नव्हते, पण त्या बाणाचा स्वभाव मला दोन दिवसांत कळला. घाई करायचा नाही. माझ्या फाईलींच्या पसाऱ्यातून जाताना कुणाला धक्का न लावता जायचा. मी काही बोलत असले की आपल्या जागी उभा राहायचा.

"परवाना म्हणजे नक्की काय हो?" मी एकदा विचारलं. काम चालू ठेवायला प्रश्न लागतातच ना. "आम्ही पैसे दिले म्हणजे ते आमचंच झालं की."

"नाही. तुम्ही वस्तू घेत नाही, वापरायची परवानगी घेता. भाड्याच्या घरासारखं. वर्ष संपलं की परवानगी पुन्हा मागायची."

"आणि नाही मागितली तर?"

"तर लिहिलेलं सगळं दिसतं, वाचता येतं... पण त्यात एक अक्षरही नवं घालता येत नाही."

"किती दुःखद आहे हो हे!"

"मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाईट वाटलं होतं," तो म्हणाला. "पूर्वी कायमचा परवाना मिळायचा. एकदा घेतला की आयुष्यभर. आता तो फारसा कुणी देत नाही."

"तुम्हाला कुठला आवडतो?"

बाण जागच्या जागी जरा थरथरला. "कायमचा," तो म्हणाला. मग घाईघाईने, "म्हणजे... ग्राहकाच्या दृष्टीने."

काकांच्या फाईली हलवत होतो त्या दुपारी आभाळ अवेळी भरून आलं होतं. फोनवर मागे एकदम सर्रकन आवाज आला.

"काय झालं?"

"पाऊस आला इकडे. खिडकी लावतो, थांबा हं."

"गंमत आहे. आमच्याकडे एक थेंब ना..." आणि तेवढ्यात आमच्या खिडकीच्या पत्र्यावर टपटप सुरू झाली. समोरच्या रस्त्यावरची माणसं दुकानांच्या आडोशाला पळाली. ओल्या डांबराचा वास थेट टेबलापर्यंत आला. "अगंबाई... इथेही आला!"

दोन्हीकडचा पाऊस एकमेकांत मिसळून ऐकू येत होता. मी तोवर त्याला कुठेतरी दूर, समुद्रापलीकडे वगैरे बसवून ठेवलं होतं. आणि हा तर त्याच ढगाखाली होता! त्याच्याकडून निघालेली सर चालत चालत माझ्याकडे आली होती.

"तुम्ही कुठल्या भागात..." मी सुरुवात केली.

"सांगायची परवानगी नाही, मॅडम," तो हळूच म्हणाला. "ग्राहकाला पत्ता द्यायचा नाही, घ्यायचा नाही. तुमचा पत्ता इथे स्क्रीनवर असतो, पण मी तो बघत नाही. त्यावर हात ठेवतो."

खरंच हात ठेवत असेल तो, असं वाटलं मला. आणि मला त्याच्या त्या हाताचा रागही आला, आणि... जाऊ दे.

मग माझ्या फाईली हलवायची पाळी आली. बाण एका पत्रकावर थांबला. थांबला तो थांबलाच.

"मॅडम, हे इस्त्रीचं पत्रक तुम्ही लिहिलंय?"

"हो. का?"

"माझ्या घरी हीच इस्त्री आहे," तो म्हणाला, आणि न बघता, पाठ असल्यासारखं म्हणाला, "'इस्त्री करताना कुणाची आठवण आल्यास आधी इस्त्री उभी ठेवावी.'"

माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. ते माझं वाक्य होतं. माझ्या मनाचं. काकांनी त्यातल्या वेलांट्या तपासून पुढे पाठवलेलं. ते कुणीतरी, कुठेतरी, आपल्या घरात उभं राहून वाचलं होतं... आणि लक्षात ठेवलं होतं!

"तुम्ही पत्रक वाचलंत?" माझा आवाज चिरकला.

"सगळं. घेतल्या दिवशीच. मला वाटलं, हे लिहिणारं माणूस कोण असेल."

"मग? पत्रकाप्रमाणे वागता ना?"

"तशी वेळच आली नव्हती कधी," तो म्हणाला. "कुणाची आठवण वगैरे..."

"आणि आता?"

बाण माझ्या स्क्रीनवर अगदी निश्चल उभा होता. पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता.

"आता..." तो म्हणाला, "संभाषण नोंदवलं जातंय, मॅडम."

त्यानंतर आमचं काम संपलं. म्हणजे सगळे नव्या परवान्यात नीट बसले, कुणालाही अस्वल दिसेना. पण तक्रार मी बंद करू दिली नाही. काय काय अडचणी काढल्या मी! पानाचा समास आपोआप सरकतो. अक्षरं उदास दिसतात. छापायला सांगितलं की संगणक विचारात पडतो. तोही प्रत्येक अडचण गंभीरपणे ऐकायचा आणि म्हणायचा, "हे जरा खोलात जाऊन बघावं लागेल."

"त्याला आता आपल्याकडे टेबल-खुर्ची देऊ या," मामा म्हणाला. "रोज येतोच आहे."

"कोण येतंय? मी सॉफ्टवेअरबद्दल बोलते."

"काल तू त्याला संध्याकाळी आकाश कसं दिसत होतं ते सांगत होतीस," हिशेबनीस बाई म्हणाल्या.

"ते... रंगांच्या सेटिंगबद्दल होतं."

चित्रकार मिशीतल्या मिशीत हसला. ज्याला मी बारा वर्षांचा असताना सांभाळलं, तोसुद्धा!

आणि मग एक दिवस कंपनीकडून संदेश आला. त्याचा नव्हता, त्याच्या वरिष्ठांचा होता. 'आपली तक्रार आमच्याकडे बरेच दिवस उघडी आहे. संबंधित मदतनीसाकडून आपले समाधान झालेले दिसत नाही. कृपया निवडा.' खाली दोन बटणं होती. 'अडचण सुटली' आणि 'दुसरा मदतनीस द्या'.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. तिसरं बटण कुठेच नव्हतं. पहिलं दाबलं तर तक्रार बंद, फोन बंद, बाण बंद. दुसरं दाबलं तरी तो जाणार, वर त्याच्या नावावर ठपका. आणि काहीच दाबलं नाही तर? माझ्या उदास अक्षरांपायी त्या बिचाऱ्याला रोज वरिष्ठांसमोर उभं राहावं लागत असणार, आणि त्याने एका शब्दाने मला सांगितलं नव्हतं.

मी त्याला फोन लावला.

"तुमच्यावर ओरडतात का माझ्यामुळे?"

"नाही हो," तो म्हणाला. खोटं बोलायची त्याला अजिबात सवय नव्हती.

"मी पहिलं बटण दाबतेय."

"दाबा, मॅडम," तो म्हणाला. मग हळूच, "समास... पुन्हा सरकला तर?"

"सरकत नव्हता तो कधीच."

"मला माहीत होतं."

मला सांगायचं होतं – नोंदवलं जाऊ दे, वरिष्ठ ऐकू देत, सगळ्या कंपनीने कान लावू दे. पण ओठांपर्यंत आलेलं मागे गेलं. चारजण माझ्याकडे बघत होते, पण त्यांचं निमित्त कशाला सांगू? मीच भित्री. मी त्याला सगळ्यात जास्त गुण दिले, बटण दाबलं, आणि बाण कोपऱ्यापर्यंत गेला, जरासा थांबला, आणि नाहीसा झाला. 'आपल्या अडचणीचे निराकरण झाले आहे,' स्क्रीन म्हणाली. इतकं खोटं वाक्य मी माझ्या एकाही पत्रकात लिहिलेलं नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. मी पंपाच्या पत्रकात मनाचं वाक्यच घातलं नाही. काका दोनदा वाचून म्हणाले, "यात काहीतरी कमी आहे." म्हणजे अर्थ वाचायचे तर! इतकी वर्षं गुपचूप वाचायचे आणि बोलायचे नाहीत. मला रडूच आलं. मामाने माझ्या टेबलावर न सांगता चहा ठेवला, आणि हिशेबनीस बाईंनी, कधी नव्हे ते, दुसरीकडे बघितलं.

अशाच एका दुपारी दार वाजलं. दारात एक तरुण उभा होता. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, आणि चष्म्यावर पावसाचे थेंब. छत्री कुठे ठेवायची हे त्याला समजत नव्हतं. तो ती कधी या हातात, कधी त्या हातात घेत होता.

"काय हवंय?" मामाने विचारलं.

"तक्रार आहे," तो म्हणाला. "पत्रकाबद्दल."

तो आवाज! मी तो ढगांच्या गडगडाटातही ओळखला असता. आवाजावरून मी त्याला चांगला उंच केला होता. प्रत्यक्षात जेमतेम माझ्याएवढा होता. पण काय बिघडलं? उलट डोळे समोरासमोर आले.

मामा मात्र वेगळ्याच आनंदात होता. "पत्रकाबद्दल? म्हणजे तुम्ही पत्ता वाचलात? शेवटपर्यंत? या, या, बसा! अहो, आजवर कुणी आलं नाही!"

"मी कंपनीतला पत्ता बघितला नाही," तो मामाला सांगत होता, पण बघत माझ्याकडे होता. "घरच्या इस्त्रीचं पत्रक काढलं. तळाशी हा पत्ता होता. 'तक्रार असल्यास येथे भेटा.' तो सगळ्यांसाठीच छापलेला आहे, म्हणून वाटलं... नियमात बसतं."

"बसतं की," मी म्हणाले. माझा आवाज मला ऐकू आला नाही. "तक्रार काय आहे?"

त्याने पिशवीतून एक निळा शर्ट काढला आणि माझ्या टेबलावर पसरला. शर्टाच्या छातीवर, बरोबर खिशावर, इस्त्रीच्या आकाराचा एक भलामोठा करपलेला डाग होता.

"पत्रकात स्पष्ट लिहिलं होतं," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "आठवण आल्यास आधी इस्त्री उभी ठेवावी. मी वाचलं होतं. पाठ होतं. तरी... उभी ठेवायची राहिली."

काका चष्मा पुसत होते. चित्रकार आपल्या विहिरीतल्या आवाजात पुटपुटला, "पूर्ण जळाला गं बिचारा." शर्टाबद्दल म्हणाला की आणखी कुणाबद्दल, मी विचारलं नाही.

"कुणाची आठवण आली होती?" मी विचारलं. दुष्टपणाच तो. पण मला ऐकायचं होतं.

त्याने इकडेतिकडे बघितलं. "इथे संभाषण नोंदवलं जातं का?"

"फक्त हिशेबनीस बाई नोंदवतात."

"मग नोंदवू देत," तो म्हणाला. "तुझी."

एवढंच म्हणाला. मॅडम नाही, तुम्ही नाही. मी त्याच्या हातातली ओली छत्री घेतली आणि कोपऱ्यात उभी केली, कारण त्या क्षणी तेवढंच मला जमण्यासारखं होतं.

त्यानंतर तो येतच राहिला. त्याची वाट बघताना मला परवानगी द्यावी लागत नसे, आणि स्क्रीनचा कोपराही लागत नसे. जिन्यावर पावलं वाजली की कळायचं. मामा त्याला 'तक्रारदार' म्हणतो. मामी म्हणते, मुलगा चांगला आहे, औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा पूर्ण वाचून मग झाकण उघडतो. आणि मी? मी सुखात होते, पण एक गोष्ट मला आतून पोखरत होती. हा माणूस नियमाबाहेर एक पाऊल टाकायचा नाही. लग्नाचा विषय काढायला याला कुठल्या पत्रकात पत्ता सापडणार होता?

मग कुटुंब परवान्याचं वर्ष भरत आलं. मामाने या वेळी अटी स्वतः वाचायला घेतल्या, दुसऱ्या पानावर हात टेकले आणि म्हणाला, "आपण तिघंच आहोत. बाकीच्या जागा रिकाम्या जातात गं."

मी रिकाम्या जागेचं आमंत्रण भरलं, त्याचं नाव घातलं, आणि मनात दुसरा विचार यायच्या आत पाठवून दिलं. लगेच फोन आला.

"हे चुकून आलंय का?" तो म्हणाला. "कुटुंब परवाना आहे हा."

"माहीत आहे."

"नियम तुला सांगितला होता. एकाच घरात राहणाऱ्यांसाठी. आणि मी तर तीन गल्ल्या पलीकडे राहतो."

"तेच म्हणतेय मी."

पलीकडे माऊसची टिचकी ऐकू आली.

"अटी जोडल्या आहेस का?" त्याने विचारलं.

"सगळ्या."

"मग वाचतो," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

खरंच ठेवला! मी हातात फोन घेऊन बसून राहिले. ऑफिस माझ्याभोवती गोळा झालं.

"काय म्हणाला?" मामाने विचारलं.

"वाचतोय."

चहा आला, प्यायला, कप उचलले गेले. "अजून?" बाईंनी विचारलं.

"वाचतोय."

"अगं, हो की नाही एवढंच तर सांगायचंय!" चित्रकार ओरडला. पण मला आता भीती वाटत नव्हती. गंमत बघा, मला त्या वाट बघण्यात एकदम शांत वाटायला लागलं. एखाद्याने घाईत हो म्हटलं असतं तर मी रात्रभर जागी राहिले असते. हा प्रत्येक ओळ वाचत होता. अगदी बरंच खालीपर्यंत. हा जेव्हा हो म्हणेल, तेव्हा कशाला हो म्हणतोय हे याला माहीत असेल.

स्क्रीनवर टिंग वाजलं. 'नव्या सदस्याने सर्व अटी वाचल्या आहेत व मान्य केल्या आहेत.' मामाने टाळी वाजवली. काकांनी 'सदस्या'चा 'स्य' बरोबर आहे ना ते आधी बघितलं आणि मग डोळे पुसले.

पाठोपाठ फोन वाजला.

"सगळं मान्य आहे," तो म्हणाला. "एकच हरकत आहे. शेवटच्या कलमात लिहिलंय, वर्षभरासाठीच. पुन्हा पुन्हा परवानगी मागायची. ते मला पटलं नाही. कायमचा मिळेल का?"

"कायमचा आता कुणी देत नाही, तूच म्हणाला होतास."

"कंपनी देत नाही. मी तुला विचारतोय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं, आणि दोन्ही एकदम आवरता येईनात. "मिळेल," मी म्हणाले. "पण तेवढी इस्त्री उभी ठेवत जा."

"आता कशाला?" तो म्हणाला. "तू तर घरातच असशील."